मदत हवी आहे: १ मार्चला तीर्थनवर ट्राउटचा पहिला दिवस, जळगावात राहून तयारी कशी करावी?

गिरणाथडी

राम राम मंडळी. हिमाचलात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मासेमारीवर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, १ मार्चला हंगाम उघडतो. त्या दिवशी मी आणि चुलतभाऊ कुल्लू जिल्ह्यात तीर्थन नदीवर, बंजारच्या पुढे नागिनी-गुशैणीच्या पट्ट्यात जायचं म्हणतोय. गळ आम्हाला नवा नाही. तापी-गिरणेवर मरळ, शिंगाडा, चिलापी चालूच असतं. पण फ्लाय (हुकावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा) नवीन आणि ट्राउटही नवीन.

सामान घेऊन ठेवलंय: ९ फुटी ५ वेटची (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर) चार तुकड्यांची रॉड, त्याच नंबरची तरंगती लाइन, ९ फुटी ५ एक्स लीडर (लाइनच्या पुढचा बारीक नायलॉन, एक्स हा जाडीचा नंबर). अडचणी अशा:

१) मैदानावर सराव करतोय. लाइन ४० फुटांच्या पुढे जात नाही. मागे नेताना गवताला घासते आणि लीडरला आपोआप गाठी पडतात. ६० फूट गाठायला काय करावं?
२) फ्लाय कोणते आणि किती न्यावेत?
३) पहाटे किती वाजता पाण्यावर असावं? मरळीसारखं उजाडायच्या आत का?
४) वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घ्यावेच लागतात का? महाग आहेत.
५) आपल्याकडे सरावाला ट्राउटसारखं पाणी कुठे मिळेल?

पांझराकाठ

गिरणाथडी भाऊ, ६० फुटांचा नाद सोडा. ४० फूट जातेय ना, मग तीर्थनला गरजेपेक्षा जास्तच आहे. ही नदी मोठमोठ्या दगडांमधून उतरते. मासा बसतो तो दगडापुढच्या नाहीतर मागच्या संथ खिशात, तुमच्यापासून १५ ते २५ फुटांवर. लांब फेकलं की मधल्या तीन-चार वेगवेगळ्या धारांवर लाइन आडवी पडते, प्रत्येक धार तिला आपल्या वेगाने ओढते आणि फ्लाय मोटारबोटीला बांधल्यासारखा पळतो. असा फ्लाय ट्राउट घेत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्याचा खरा प्रश्न अंतराचा नाही, थंडीचा आहे. पाणी ५ ते ८ अंश असतं. ब्राऊन ट्राउट जोरात खातो तो साधारण १० ते १६ अंशांत. त्याखाली त्याचं पचन मंदावतं, मग तो तळाशी बसून राहतो आणि घासासाठी वीतभरसुद्धा हलत नाही. म्हणजे फ्लाय तळालगत, त्याच्या तोंडासमोरून आणि तळाच्या पाण्याच्याच वेगाने गेला पाहिजे.

यातच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. पहाटे जाऊ नका. दरी अरुंद आहे, ऊन पाण्यावर उशिरा येतं. अकरापर्यंत चहा प्या, साडेअकरा ते तीन मन लावून मासेमारी करा. दुपारी पाणी दोन अंशांनी जरी चढलं तरी मासा हलायला लागतो. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा काचेचा थर्मामीटर दोरी बांधून सोबत ठेवा. अकराला आणि एकला मोजा. आकडा चढत असेल तर तिथेच थांबायचं, चढत नसेल तर उन्हातली जागा शोधायची.

सुती_दोर

कास्टिंगचं मी सांगतो, कारण लांब फेकायचं नसलं तरी लाइन घासणं आणि गाठी पडणं हे दोन्ही दोष जवळच्या फेकीतही नडतील.

लाइन मागे घासते त्याची कारणं दोन. एक, मनगट मोडतं आणि रॉडचं टोक मागे खाली झुकतं. टोक जिकडे जाईल तिकडेच लाइन जाते. रॉडचं बूड शर्टाच्या बाहीत खोचून सराव करा, किंवा मनगटाला रबरबँडने बांधा. मनगट वाकलं की लगेच कळेल. दुसरं, सुरुवातीला लाइन ढिली असते. टोक पाण्याजवळ आणा, ढील ओढून घ्या, मगच उचला. सावकाश सुरू, वेग वाढवत नेऊन डोक्याच्या जरा मागे गच्च थांबा. त्या थांबण्यावरच सगळं आहे.

लीडरच्या गाठींना लोक वाऱ्याला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा पुढे फेकताना सुरुवातीलाच दिलेला हिसका असतो. रॉड एकदम वाकते, टोक खाली दबतं, वरची लाइन खालच्या लाइनला ओलांडते आणि गाठ पडते. मागची लाइन पूर्ण उलगडायच्या आत पुढे हाणलं तरी हेच. मान वळवून मागे बघत सराव करा, त्यात लाज नाही. आणि गाठ दिसली की तो तुकडा कापून टाका, तिथली ताकद निम्म्यावर आलेली असते.

एक तांत्रिक गोष्ट. ५ वेटच्या लाइनचे पुढचे ३० फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, आणि रॉड त्या वजनाला वाकेल अशी बनवलेली असते. १५ फुटांवर टाकताना टोकाबाहेर लाइन असते जेमतेम सहा-सात फूट. तेव्हा रॉड वाकतच नाही आणि माणूस जोर लावत बसतो. जवळच्या फेकीला रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे लोळवायची फेक) शिका. मागे झाडी असते तिथेही तोच उपयोगी. फक्त रोल कास्ट गवतावर नीट जमत नाही, लाइनला पाण्याची पकड लागते. त्यासाठी मेहरूण तलावाचा काठ बरा. टोकाला फ्लायऐवजी लोकरीचा रंगीत तुकडा बांधा, फिरायला आलेल्यांच्या कानात हूक जायला नको.

मुरमाड किंवा सिमेंटच्या जागेवर सराव करू नका. लाइनचं आवरण खरवडलं की ती तरंगायची बंद होते. आणि आपल्या उन्हात गाडीच्या डिकीत सामान ठेवू नका, आवरण चिकट होतं.

बोरीवाला

फ्लायचं. डझनभर नमुने नेऊ नका. फेझंट टेल आणि हेअर्स इअर हे दोन निम्फ (पाण्यातल्या अळीसारखे बुडणारे फ्लाय), १४ आणि १६ नंबर (आकडा मोठा तेवढा हूक लहान), सोनेरी मण्यांचे. प्रत्येकी सहा, कारण तळाला घासत न्यायचे म्हणजे दगडांत अडकून तुटणारच. काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर (पिसांचा मोठा बुडणारा फ्लाय), १० नंबर, तीन-चार. आणि पॅराशूट अ‍ॅडम्स (सुका, म्हणजे तरंगणारा फ्लाय) १६-१८ नंबरचे चार. ढगाळ दुपारी बारीक मेफ्लाय (नदीतले उडते किडे) वर आल्या तर हा लागेल, नाहीतर डबीतच राहील.

पाण्यावर गेल्यावर आधी गुडघाभर पाण्यातला दगड उलटा करून बघा. खाली चिकटलेले किडे काळपट आहेत की पिवळसर, केवढे आहेत, त्यावर डबीतला फ्लाय ठरवा. दगड परत जसा होता तसा ठेवा.

स्वतः बांधणार असाल तर तांब्याची तार विकत मागवू नका. मोटर वायंडिंगच्या कुठल्याही दुकानात ३८ गेजची तार तुकड्यांत मिळते. ती ०.१५ मिलिमीटर भरते, १४-१६ नंबरला बरोबर बसते. वूली बगरला गावठी कोंबड्याच्या मानेची लांब पिसं चालतात. मात्र सुक्या फ्लायला ती नको, बहुतेकांची दांडी जाड आणि तंतू मऊ असतात, फ्लाय बुडतो.

हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका. मासा सोडायला सोपं आणि स्वतःच्या बोटातून काढायलाही.

गिरणाथडी

भारीच माहिती. पहाटेचं चुकत होतं तर. आता दोन उपप्रश्न. फ्लाय तळाला पोचलाय हे कळणार कसं? आणि सरावाच्या पाण्याचं राहिलं. तापीचं पाणी बंधाऱ्यांमुळे उभं आहे, हतनूरच्या फुगवट्यात तर धार नावाला नाही.

पांझराकाठ

धार हवी तर नदी सोडा, पाट बघा. साक्री-धुळ्याकडे पांझरेच्या फडबंधाऱ्यांचे जुने पाट आहेत. तुमच्याकडे जामदा कालव्याच्या चाऱ्या आहेत. रब्बीचं आवर्तन सुटलं की चारीत मांडीभर पाणी सलग धारेने वाहतं. काठावर उभं राहून हूक तोडलेला, मणी लावलेला निम्फ टाका. मुख्य कालव्यात उतरू नका, अस्तराच्या उतारावर पाय ठरत नाही. आणि ज्याच्या शेताजवळ उभे राहाल त्याला आधी विचारा, नाहीतर पाणी चोरायला आलात असं वाटेल.

सराव असा. लीडरवर रंगीत इंडिकेटर (तरंगती खूण) लावा, पाणी जेवढं खोल त्याच्या दीडपट अंतर फ्लायपासून वर. दोन फूट पाणी असेल तर तीन फुटांवर. धारेच्या वरच्या अंगाला टाका, रॉडचं टोक उंच धरा, लाइन शक्य तेवढी पाण्याबाहेर ठेवा आणि इंडिकेटर खाली येईल तसं टोकही सोबत न्या. मधली लाइन पुढे पळू लागली की ती उचलून वरच्या अंगाला ठेवायची. यालाच मेंडिंग म्हणतात, आणि या दिवसाची निम्मी कामगिरी यातच आहे.

आता खूण बघा. तळाचं पाणी दगडांना घासून जातं म्हणून वरच्यापेक्षा सावकाश चालतं. इंडिकेटर शेजारच्या फेसाच्या बुडबुड्यांपेक्षा जरा मागे रेंगाळत असेल तर फ्लाय तळाच्या थरात आहे. बुडबुड्यांच्या बरोबरीने किंवा पुढे पळत असेल तर फ्लाय वरच लटकतोय. मग फ्लायपासून १५-२० सेंटिमीटरवर एक बारीक शिशाचा मणी चिमटा. तरी नाही तर आणखी एक. चार-पाच फेकींत एकदा तळाला अडकला की खोली बरोबर. एकदाही अडकला नाही तर तुम्ही मासेमारी करतच नाही आहात, लाइन धुताय.

थंडीत ट्राउटचा घास म्हणजे मरळीचा हिसका नव्हे. इंडिकेटर अर्धा क्षण थबकतो, बस. थबकला की टोक उचला. दहापैकी नऊ वेळा दगड असेल. दहाव्यासाठी नऊ वेळा उचलायचं.

तोरणमाळ_वारा

पांझराकाठ दादांशी थोडा मतभेद. पारदर्शक उथळ पाण्यात फुगीर इंडिकेटर आपटला की मासा दडतो. तिथे लोकरीचा बारीक तुकडा चालतो. बाकी सगळं मान्य.

टिपेटचं (लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक नायलॉनचं) कुणी बोललं नाही. लीडरचं टोक तीन-चार फ्लाय बदलताना संपतं. ५ एक्स (०.१५ मिमी) आणि ४ एक्स (०.१८ मिमी) अशी एकेक रीळ न्या. वूली बगर ४ एक्सवर. जोडायला सर्जन्स नॉट, तीन वेढे. फ्लायला सुधारित क्लिंच, पाच वेढे. आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि गाठ तिथेच कुजकी होते. बोटं थंडीने आखडलेली असताना या गाठी बांधायच्यात, तेव्हा घरी बादलीतल्या बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बांधून बघा.

अनेरवासी

वेडर आणि पाण्यातलं वागणं.

तीर्थनला बरंचसं पाणी काठावरच्या दगडांवरूनच हाताळता येतं. पहिल्या खेपेला वेडर नसले तरी अडत नाही. उतरायचंच तर गुडघ्यापर्यंत. ३-४ मिलिमीटरचे निओप्रीन मोजे, वरून फेल्ट तळव्याचे बूट आणि हातात काठी. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. छातीपर्यंतचे वेडर कुणाकडून मिळालेच तर कमरेचा पट्टा करकचून आवळा, पडलात तर आत पाणी भरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्राऊन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाला खड्यांत अंडी घालतो, बंदी असते ती त्यासाठीच. सहा अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला दोन महिन्यांहून जास्त लागतात आणि त्यानंतरही पिल्लं काही आठवडे खड्यांखालीच असतात. म्हणजे १ मार्चला ती तिथेच आहेत. धारेच्या शेपटाकडे सुपारी ते लिंबाएवढ्या खड्यांचा पट्टा आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसला की त्यावर पाय ठेवू नका. वळसा घाला.

लारजीला तीर्थन आणि सैंज बियासला मिळतात. तिथून खाली बियासवर उभे राहू नका. २०१४ च्या जूनमध्ये लारजी धरणातून एकाएकी सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ २४ विद्यार्थी वाहून गेले. तीर्थनवर धरण नाही, पण वर पाऊस झाला आणि पाणी गढूळ व्हायला लागलं की काठावर या.

परवाना मत्स्य विभागाचा, दिवसाच्या हिशेबाने. कोणता पट्टा, किती मासे, किती लांबीचा, हे त्या परवान्यावरच्या अटींवरून घ्या, ऐकीव माहितीवरून नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. आणि खाली वळलेल्या तोंडाचा, बारीक खवल्यांचा मासा लागला तर तो स्नो ट्राउट, नावाला ट्राउट पण कुळ कार्पचं. ब्राऊनच्या अंगावर काळे-लाल ठिपके असतात. खरं तर ब्राऊनही तिथला पाहुणाच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी आणून सोडलेला. स्नो ट्राउट मात्र तिथलाच.

सोडताना हात आधी ओले करा, मासा पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, तोंड धारेकडे करून धरा, तो स्वतः निघून जाईल.

गिरणाथडी

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: भुसावळहून रेल्वेने दिल्ली, पुढे मनालीच्या बसने औट, तिथून बंजार असा बेत आहे. कापडी पिशवीतली रॉड गर्दीत टिकेल का?

बोरीवाला

कापडी पिशवीत नका नेऊ भो. चार तुकड्यांच्या ९ फुटी रॉडचा एक तुकडा सत्तर सेंटिमीटरच्या आसपास असतो. ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप ८० सेंटिमीटर कापून घ्या, जळगावात काय कमी आहे पाइपांची. एका बाजूला टोपण चिकटवा, दुसऱ्या बाजूला घट्ट बसणारं पण निघणारं. आत दोन्ही टोकांना फोम. दोन रॉड बसतात. सीटखाली नको, वरच्या बर्थवर अंगाशी ठेवा.

बस औटला भल्या पहाटे सोडते, कंडक्टरला बसतानाच सांगून ठेवा, नाहीतर पुढे कुल्लूला उतराल. रॉड जोडण्याआधी सांध्यांवरची धूळ पुसा आणि मेणबत्तीचं मेण हलकं फिरवा. संध्याकाळी थंडीत सांधा अडकला तर पक्कड लावू नका. दोघांनी समोरासमोर उभं राहून, प्रत्येकाने एक हात सांध्याच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला धरून सरळ ओढा. पिळायचं नाही.