ड्राय बाल्कनीतलं सिंक तुंबतंय, पावडर टाकूनही फरक नाही

धायरीकर:
नमस्कार मंडळी, आमचा फ्लॅट धायरीला, बिल्डिंग १२ वर्षं जुनी, ड्राय बाल्कनीत भांडी घासायचं स्टीलचं सिंक आणि शेजारीच वॉशिंग मशीन. दोन महिने झाले सिंकमधून पाणी जातच नाही, म्हणजे जातं पण इतकं हळू की मावशी भांडी विसळायला लागल्या की चार बोटं पाणी उभं राहतं, खरकटं वर तरंगतं आणि त्यांना थांबून थांबून काम करावं लागतं. पुढच्या दोन घरी त्यांना उशीर होतो, मला त्याचं जास्त वाईट वाटतं. पाणी जाताना मधेच गुडगुड आवाज येतो, एकदम थोडं खाली उतरतं, परत थांबतं.

ड्रेन साफ करायची पावडर दोनदा टाकली, उकळतं पाणी ओतलं, खायचा सोडा आणि व्हिनेगर पण झालं. एक दिवस बरं, परत तेच. प्लंबर बोलावला तर म्हणाला खालची लाइनच चोक आहे, फरशी फोडावी लागेल. फरशी फोडली की वॉटरप्रूफिंग गेलं आणि खालच्यांच्या छताला ओल येणार, ती भांडणं वेगळी. फोडायच्या आधी काही करता येईल का?

कोथरूडचा काका:
फरशीला अजिबात हात लावू देऊ नका अजून. लाइन चोक आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं. सिंकचा पाइप नहाणीतून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या खड्ड्यातून, उपसून बाजूला करा आणि १५ लिटरची बादली थेट नहाणीत एका दमात ओता. गपकन गेली तर खालची लाइन चांगली, दोष सिंक ते नहाणी एवढ्याच भागात. पाणी वर आलं तरच पुढे लाइनचा विचार. पाइप काढताना खाली टब ठेवा, आत जे साठलेलं असतं ते सगळं अंगावर येतं.

सुगरण_बिबवेवाडी:
काकांचं बरोबर आहे पण दादा, पावडर शेवटची कधी टाकली ते आधी बघा. ती कॉस्टिक सोडा असते, पाइपच्या खोलगट भागात तशीच बसून राहते आणि पाइप काढताना डोळ्यात उडाली तर डोळा जाऊ शकतो. आधी चारपाच बादल्या गार पाणी सोडा, मग रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच हात घाला. मावशींना तर त्यात हात घालूच देऊ नका, त्यांना सांगितलेलं पण नसतं आत काय टाकलंय ते. आणि कुणी सांगितलं तरी यावर ॲसिड ओतू नका, कॉस्टिक आणि ॲसिड एकत्र आलं की उकळून वर उसळतं. ब्लीच आणि ॲसिड तर कधीच नाही, क्लोरीन वायू होतो, बंद बाल्कनीत श्वास कोंडतो. उकळतं पाणी पण नको, पीव्हीसी पाइप ६० डिग्रीच्या वर मऊ पडायला लागतो. हाताला सोसेल एवढं गरम बास.

धायरीकर:
खूप आभार ताई, पावडर टाकून आठ दिवस झाले होते तरी आधी पाणी सोडलं आणि मोजे घालूनच केलं. काका, बादली गपकन गेली! म्हणजे फरशी वाचली. पाइप म्हणजे तो घड्याघड्यांचा पांढरा फ्लेक्झिबल, चांगला हातभर जास्त लांब, मधे झोळीसारखा लोंबत होता आणि घड्यांमध्ये तेलकट काळा थर, भाताची शितं, चहाचा चोथा. पण पाइप धुवून परत होता तसा लावला तरी गुडगुड आहेच, पाणी आधीपेक्षा बरं जातंय पण नीट नाही. हे कसं काय?

नळकाम_२०वर्षं:
लावला तिथेच चूक झाली भाऊ. पाइपचं टोक नहाणीत किती खाली घातलंय? माझा अंदाज, पार तळाला. झुरळं येऊ नयेत म्हणून बरेच जण दाबून घालतात. आता बघा, पाइप मधे लोंबतो तिथे एक पाणी साठतं आणि नहाणीत तर पाणी असतंच, दोन्हीच्या मधे हवा अडकते. तिला जायला वाटच नाही, म्हणून ती सिंकमधून उलटी गुडगुडत वर येते आणि ती निघाली की मगच पाणी थोडं उतरतं. पावडरने खरकटं विरघळेल, हवा कशी विरघळणार.

फ्लेक्झिबल काढून टाका. ४० एमएमचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप घ्या, सिंकच्या वेस्ट कपलिंगला, म्हणजे तळाच्या भोकातल्या जोडणीला, वॉशर नीट बसवून जोडा. आडवा भाग ठेवलाच तर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्या आणि टोक नहाणीतल्या पाण्याच्या दोन बोटं वर थांबवा, बुडवू नका. वास आणि झुरळं नहाणीतलंच पाणी अडवतं, दुसरा ट्रॅप, म्हणजे पाणी साठवणारा वाकडा पाइप, लागत नाही. वर भोकाची जाळी बसवा. मशीनचा पाइप पण तिथेच असेल तर दोन भोकांची घ्या आणि तोही बुडवू नका, मशीन पंपाने पाणी फेकते ना, तोंडं अडकली तर ते सिंकमधून वर येतं.

कोथरूडचा काका:
टोक तळाला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडेही बघतो आज.

सुगरण_बिबवेवाडी:
आणि सिंकमध्ये बारीक जाळी ठेवा हो, चहाचा चोथा कुंडीत जातो, नळात कशाला. कढई, तवा आधी रद्दीच्या कागदाने पुसून घ्यायचा. पुरणपोळीच्या दिवशी कटाच्या पातेल्यातलं तळाचं काढूनच घासायला टाकायचं, डाळीचा गाळ तेलात बसला की सिमेंटसारखा होतो.

धायरीकर:
झालं! शनिवारी बोहरी आळीतून पाइप, वॉशर, जाळी आणली आणि दादांनी सांगितलं तसंच बसवलं. सिंक काठोकाठ भरून सोडलं तर मी मोजत होतो, वीस म्हणेपर्यंत रिकामं, आवाज नाही काही नाही. मावशींनी सकाळी नळ पूर्ण सोडून भांडी विसळली आणि अर्धा तास आधी निघाल्या. मशीन लावून बघितलं, तेही पाणी सरळ गेलं. फक्त जाळी माझ्या नहाणीपेक्षा मोठी निघाली, माप न घेता गेलो होतो, उद्या बदलून आणतो तोवर वर वीट ठेवलीय.