बिनहंगामी सँटोरिनी : तुमचे अनुभव लिहा

ग्रीसचं सँटोरिनी बेट म्हटलं की पांढऱ्या भिंती, निळे घुमट आणि सूर्यास्ताला लोटलेली जत्रा. पण नोव्हेंबर ते मार्चमध्ये तिथे चार दिवस राहून आलेली मराठी माणसंही बरीच आहेत. काय उघडं होतं, काय बंद, जेवणाचं कसं जमवलंत, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही दोघं जानेवारीत गेलो. ईया गावात बहुतेक दारांना कुलपं. पायऱ्यांच्या गल्ल्यांतून सिमेंटच्या गोण्या लादलेली खेचरं चाललेली, कारण डागडुजीचे दिवस हेच. पहिल्या दिवशी मी हिरमुसले, खरंच. दुसऱ्या दिवशी पिर्गोस गावाकडे चालत निघालो आणि वाटेत द्राक्षमळे लागले. मांडव नाही, तारा नाहीत. वेल जमिनीलगतच गोल वळवून त्याची टोपली विणलेली. वाऱ्यापासून द्राक्षं वाचावीत म्हणून ती आत वाढवतात. पाऊस थोडा, पण समुद्रावरून येणारा दमटपणा ती ज्वालामुखीच्या राखेची, प्युमिसची (हलक्या सच्छिद्र दगडाची) माती धरून ठेवते. एक आजोबा छाटणी करत होते. भाषा कळत नव्हती, पण त्यांनी माझा हात धरून एका खोडावर ठेवला. मनगटाहून जाड, दोरखंडासारखं पिळलेलं. उन्हाळ्यात पानांआड ही वीण दिसलीच नसती.

*

ताई, राहण्याचं मी सांगतो. कड्यात कोरलेली गुहेसारखी खोली स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. फोटोत देखणी, प्रत्यक्षात भिंतींना ओल आणि पांघरूण दमट. पारा १० अंशांच्या आसपास, पण वारा हाडांत शिरतो. तिसऱ्या दिवशी फिरा या मुख्य गावात साध्या घरात खोली घेतली, हीटर चालतो का ते आधी पाहून. फिरात गावकरी राहतात, म्हणून बेकरी आणि एक-दोन खानावळी चालू असतात. हिवाळ्यात मुक्काम तिथेच करा.

*

मी क्रूझवर नोकरीला होतो, गाव मालवण. हंगामात कितीतरी वेळा सँटोरिनी पाहिलं, पण डेकवरून. ज्वालामुखीचं तोंड खचून तिथे समुद्र शिरलाय. पाणी इतकं खोल की मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, प्रवासी छोट्या होड्यांनी नेतात. आमची ड्यूटी आतच. नोकरी सोडल्यावर डिसेंबरात बायकोला घेऊन गेलो. जुन्या बंदरापासून फिरापर्यंत ५८८ पायऱ्या आहेत. आम्ही त्या सावकाश चढलो, मध्ये दोनदा बसलो. वर पोचल्यावर बायकोला खाली बोट दाखवून सांगितलं, आमचं जहाज तिथे उभं असायचं. ती बराच वेळ त्या रिकाम्या पाण्याकडे बघत होती.

*

आमची तिकिटं फेब्रुवारी २०२५ ची होती. तेव्हाच भूकंपांची मालिका सुरू झाली. शाळा बंद, हजारो लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. आम्ही बेत रद्द केला. खोलीचे पैसे परत मिळाले नाहीत, त्याचा राग बरेच दिवस होता. नोव्हेंबरात पुन्हा बेत आखला आणि गेलो. आक्रोतिरीत, सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात राखेखाली गेलेल्या गावात, जेमतेम दहाजण होतो. दुमजली घरं, दारांच्या चौकटी, रांजण जागच्या जागी. पण त्या उद्रेकात मेलेल्यांचे सांगाडे तिथे मिळालेले नाहीत. म्हणजे धक्के बसू लागल्यावर लोक वेळीच निघून गेले असावेत. ते ऐकलं आणि माझा खोलीचा राग तिथेच विरला. फेब्रुवारीत बोटीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांनी वेगळं काय केलं होतं?

*

आईला घेऊन गेले होते, आम्ही भंडाऱ्याचे. खानावळीत 'फावा' मागवला. पिवळं, गुळगुळीत घोटलेलं वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेलाची धार. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर लाखोळी!" नंतर शोधलं, तर ती आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीची चुलतबहीणच निघाली, आणि आक्रोतिरीच्या घरांतही तिचे दाणे सापडलेत. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मालकीणबाई आमच्याच टेबलाशी येऊन बसल्या. आईने खुणांनी फोडणी कशी द्यायची ते दाखवलं. त्यांनी आत जाऊन कढई आणली.