मॅक्रोला ‘जतन करा’ ही कळ दाबू द्यावी का?

तालिकाकार (धागालेखक)
आमच्या ग्रंथालयात जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या नोंदी कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत चढवण्याचे काम चालू आहे. यातील बरीच पुस्तके १९७० पूर्वीची, म्हणजे आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक ठरण्याआधीची असल्यामुळे दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद शोधून उतरवून घेणे क्वचितच साधते आणि जवळजवळ प्रत्येक नोंद मुळापासून करावी लागते. प्रत्येक वेळी मार्क या नोंदीच्या मांडणीतील क्रमांकित क्षेत्रांपैकी ०४१ मध्ये मराठीचा संकेत, ०८२ मध्ये ८९१.४६३ हा मराठी कादंबरीचा वर्गांक आणि ९४२ मध्ये साहित्यप्रकार हेच पुन्हा पुन्हा टंकावे लागते. म्हणून मी ऑटोहॉटकी या कळा आपोआप दाबणाऱ्या प्रोग्राममध्ये मॅक्रो, म्हणजे एका कळीत अनेक कळांचे काम करणारी स्क्रिप्ट, लिहिला आहे. शीर्षक, लेखक आणि पृष्ठसंख्या हाताने भरून एक कळ दाबली की बाकीची क्षेत्रे भरतात, नोंद जतन होते आणि पुढचा कोरा फॉर्म उघडतो. यावर कार्यालयातून हरकत आली आहे. देवघेवीच्या खिडकीवरचा बारकोड स्कॅनरही संगणकाला कीबोर्डच भासतो, आकडे टंकून शेवटी स्वतःच एंटर दाबतो. त्यावर कोणी हरकत घेत नाही. मग तालिकीकरणाच्या टेबलावरच का घ्यावी?

निवृत्त ग्रंथपाल
स्कॅनर पुस्तकावर जे छापले आहे तेच वाचतो. आपला मॅक्रो पुस्तक न पाहताच लिहितो, हा फरक लहान नाही. त्याच कपाटात बंगालीतून मराठीत आलेली कादंबरी हाती लागली, तर तिचा वर्गांक मूळ भाषेच्या साहित्यानुसार ८९१.४४३ असायला हवा, ०४१ चा पहिला दर्शक (पुस्तक अनुवाद आहे का हे सांगणारा आकडा) ० ऐवजी १ हवा आणि मूळ भाषेचा संकेत वेगळ्या उपक्षेत्रात यायला हवा. अनुवादकाचे नाव अनेकदा मुखपृष्ठावर नसते, आतल्या पानावर बारीक टाइपात असते, आणि ते पान उलटण्याची सवयच आपला मॅक्रो मोडणार आहे. पुस्तक चुकीच्या कपाटात गेले की वाचकाच्या दृष्टीने ते हरवलेच.

तालिकाकार
सर, हाताने टंकणाराही ते पान उलटत नाही, हे आपणही पाहिले असेल. उलट मॅक्रोची चूक सगळीकडे एकसारखी असते, त्यामुळे एका शोधात सापडते आणि कोहातील मार्क दुरुस्ती साच्याने एकगठ्ठा सुधारता येते. दमलेल्या माणसाची चूक मात्र दर नोंदीत निराळी.

निवृत्त ग्रंथपाल
ती सापडणार कशी? चुकून पडलेले ८९१.४६३ आणि योग्य असलेले ८९१.४६३ शोधात सारखेच दिसतात. शिवाय फाइलमधून आयात केलेल्या नोंदींचा गठ्ठा कोहात मागे घेता येतो. मॅक्रोने केलेली प्रत्येक नोंद मात्र आपल्या नावाने, एकेक करून, हाताने जतन केल्यासारखीच नोंदली जाते. मागे घ्यायला गठ्ठाच नाही.

देवघेव खिडकी
तालिकीकरणातले मला फारसे कळत नाही. एका ग्रंथालयात मात्र लॉगिनचा पासवर्डच मॅक्रोच्या साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवलेला पाहिला आहे. त्यावर आधी बंदी घाला.

संगणक कक्ष
मॅक्रोची खरी अडचण अशी की त्याला क्षेत्र दिसत नाही. तो फक्त टॅब मोजतो. कोणी फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे नोंदीच्या फॉर्मच्या साच्यात, एक उपक्षेत्र वाढवले किंवा पान उघडायला उशीर झाला, की साहित्यप्रकार भलत्याच चौकटीत जाऊन बसतो. कळा जशाच्या तशा दाबणारा प्रोग्रामेबल कीबोर्ड असेल आणि इनस्क्रिप्ट ही मराठी टंकनाची कळमांडणी चालू राहिली असेल, तर मराठीच्या संकेताच्या एम, ए, आर या तीन कळांमधून ‘सोी’ उमटते. ऑटोहॉटकीच्या २०२२ अखेर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या आवृत्तीच्या स्क्रिप्ट बदल केल्याशिवाय चालत नाहीत. लिहिणाऱ्याची बदली झाली की त्या दुरुस्त कोण करणार? हे सगळे टाळण्यासाठी कादंबऱ्यांचे वेगळे फ्रेमवर्क करून त्यात ठरावीक मूल्ये आधीच भरून ठेवता येतात. कोहाच्या प्रगत संपादकात मॅक्रोची अंगभूत सोयही आहे. पूर्वी ते मॅक्रो ब्राउझरमध्ये साठत आणि ब्राउझर साफ केला की जात, आता डेटाबेसमध्ये राहतात.

तालिकाकार
फ्रेमवर्क बदलण्याचा अधिकार टेबलावर बसणाऱ्याकडे असता, तर मी स्क्रिप्ट कशाला लिहिली असती? लहान ग्रंथालयांत प्रणाली बाहेरच्या संस्थेने बसवलेली असते, आणि एक मूल्य बदलायचे तरी पत्र पाठवून वाट पाहावी लागते. तोवर कपाटे तशीच पडून राहतात. ‘योग्य मार्ग वापरा’ असे सांगणाऱ्यांनी तो मार्ग आधी उघडून द्यावा.

संगणक कक्ष
हे मान्य. अधिकार मिळेपर्यंत मॅक्रो चालू ठेवा, पण ०८२ रिकामे सोडून कर्सर तिथेच थांबेल असे करा, आणि जतन हाताने करा.

तालिकाकार
०४१ आणि ०८२ दोन्ही काढतो. अनुवादाबाबत सरांचे म्हणणे पटले. जतन मात्र मॅक्रोकडेच राहील. वर्गांक हाताने टंकायचा म्हणजे पुस्तक उघडावेच लागणार. त्यानंतर कळ मी दाबली काय किंवा स्क्रिप्टने दाबली काय, काय बिघडते?

निवृत्त ग्रंथपाल
पुढच्या पुस्तकाचा फॉर्म आपोआप समोर आला की आधीची नोंद पुन्हा वाचली जात नाही, हे बिघडते. माझी हरकत कायम आहे.