मदत हवी आहे: आजीला सिटी हॉलचं जुनं स्टेशन दाखवायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या लेकाला सबवेचं, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेचं, अक्षरशः वेड आहे. फ्रिज लावताना गाडीतल्या घोषणेसारखं "स्टँड क्लिअर ऑफ द क्लोजिंग डोअर्स, प्लीज" म्हणतो. गाडी थांबली की गार्ड फलाटाच्या मधल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतात ना, तसं हा जेवायला बसण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे दाखवतो. तेही गंभीर चेहऱ्याने! सात नंबरच्या गाडीवर लोकलचा हिरवा गोल दिसला तर चढत नाही, एक्सप्रेसचा लाल चौकोनच हवा. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

डिसेंबरात माझ्या सासूबाई पुण्याहून येतायत. त्याला त्यांना १९०४ चं, १९४५ मध्ये बंद झालेलं सिटी हॉल स्टेशन दाखवायचंय. सहा नंबरची गाडी ब्रुकलिन ब्रिज स्टेशननंतर तिथूनच वळते, पण खिडकीतून नीट दिसत नाही. ट्रान्झिट म्युझियमच्या, म्हणजे इथल्या वाहतूक संग्रहालयाच्या, सभासदांना आत नेतात. कुणी गेलंय का? तिकीट मिळायला किती आधीपासून प्रयत्न करावा लागतो? जिने किती? आईंचे गुडघे दुखतात. आणि डिसेंबरात १९३० च्या दशकातले जुने डबे धावतात, त्यात बसायला जागा मिळते का?