गुडघा सुजलाय, गरम आहे, पण दुखत नाही. थांबू का?

खालचीवाडी
नमस्कार मंडळी. माझे मिस्टर गेल्या वर्षी एप्रिलात हापूस उतरवताना कलमावरून पडले. पाठीच्या दहाव्या मणक्याला (डी-१०) मार, रॉड-स्क्रू बसवलेत, कमरेखाली काही कळत नाही. आता चौदा महिने झाले. व्हीलचेअरवर बसतात, पडवीत सुपारी सोलतात.

परवा पँट चढवताना मी त्यांचं डावं पाऊल धरून नेहमीसारखं उजव्या मांडीवर ओढलं, तर बारीक ‘कट्’ असं वाजलं. मला वाटलं पलंगाची पट्टी. संध्याकाळी बघते तर गुडघा दुसऱ्याच्या दीडपट आणि हाताला गरम. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, “मला काय विचारतेस, तुझ्याच ताब्यात आहे तो.” कालपासून झटके मात्र वाढलेत, रात्री दोनदा पाय ताठ झाले.

सासूबाई म्हणतात वात धरलाय, निर्गुडीचा पाला गरम करून बांध, तेलाने चोळ. एकदा चोळलंही. पडले नाहीत, आपटलं नाही, मग मुरगळलाच असेल ना? तालुक्याला न्यायचं म्हणजे टेम्पो सांगायचा, उचलायला दोन माणसं बघायची. चार दिवस थांबले तर चालेल?

चाकांवरचा
वहिनी, नाही चालणार. आजच न्या. चोळणं बंद. गरम पालाही नको, त्या कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसेल.

मी डी-८, मोटरसायकल, एकोणीस वर्षं झाली. सहाव्या वर्षी बाथरूममधल्या स्टुलावरून खुर्चीत सरकलो आणि पाऊल फूटरेस्टमागे अडकलं. मी वर आलो, पाय तिथेच. दुसऱ्या दिवशी गुडघ्याजवळ सूज. आठ दिवस ‘जाईल’ म्हणत काढले. अंग कोमट झालं तर लघवीचं इन्फेक्शन समजून बसलो. एक्स-रेत मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलेलं.

हाडावर भार पडत असतो, स्नायू त्याला ओढत असतात, तोवर ते भरलेलं राहतं. दोन्ही थांबलं की शरीर त्यातलं कॅल्शियम काढून लघवीवाटे सोडून देतं. पहिल्या एक-दोन वर्षांत हे सगळ्यात झपाट्याने होतं, आणि सगळ्यात पोकळ होतात ती गुडघ्याच्या वरची-खालची टोकं. हाडं किती भरलेली ते मोजणाऱ्या माझ्या डेक्सा रिपोर्टात कमरेच्या मणक्याचा आकडा झकास होता, मी पेढे आणायच्या बेतात! आमच्यासारख्यांत तो आकडा फसवा असतो, आणि गुडघा तर बहुतेक ठिकाणी मोजतच नाहीत.

दुखणं सांगायला पायाकडे सूज, ऊब आणि झटके एवढंच उरलंय. तुमच्या ह्यांचा पाय तेच सांगतोय.

फिजिओताई
दादांशी सहमत. चोळू नका म्हणण्याला आणखी एक कारण आहे. अशी सूज शिरेतल्या गुठळीचीही असते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून एक्स-रेबरोबर डॉपलरचंही, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीचंही, विचारा. सांध्याभोवती मांसात नवीन हाड धरतं, त्यानेही सूज येते, पण ते जास्त करून खुब्याला आणि पहिल्या काही महिन्यांत.

नेताना पाय सरळ करायचा प्रयत्न करू नका. आहे तसा ठेवून दोन्ही बाजूंनी उशा लावा, ओढणीने सैल बांधा. प्लास्टर घालायची वेळ आली तर आत कापूस भरपूर हवा आणि उघडून कातडी बघता येईल असं हवं. कडक प्लास्टरखाली टाचेला बेडसोर झाला तर हाड जुळेल, जखम मात्र महिनोन्महिने पुरेल.

कुणाला डी-६ किंवा वर मार असेल तर अशा वेळी अचानक डोकं ठणकतं, घाम फुटतो, बीपी चढतं. तिथे तर तासभरही थांबू नये.

खालचीवाडी
काल जाऊन आलो. मांडीच्या हाडाला खाली तडा आहे. गुठळी नाही. कापूस घालून स्लॅब (अर्धं, सोडता येणारं प्लास्टर) बांधलाय, सकाळ-संध्याकाळ सोडून बघते. डी जीवनसत्त्व फारच कमी निघालं. डॉक्टर दोनदा विचारत होते, “पडले नाहीत तर मोडलं कसं?” मला तोंड वर करवेना. माझ्याच हाताने मोडलं.

पायांना कॅलिपरच्या पट्ट्या लावून दोन आडव्या दांड्यांमध्ये धरून उभे राहायचे, ते आता कायमचं बंद का?

चाकांवरचा
वहिनी, ते हाड मोजा चढवतानाही मोडलं असतं. यापुढे पाऊल धरून पाय वळवू नका, लांब दांड्यासारखा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. एक हात गुडघ्याखाली, एक घोट्याखाली, आणि अख्खा पाय एकत्र उचलायचा.

उभं राहणं डॉक्टर हाड जुळलं म्हणेपर्यंत बंद, पुढे त्यांना विचारून. खरं सांगतो, उभं राहून माझी हाडं परत भरली नाहीत. पण गुडघे आखडले नाहीत, पावलं लोंबली नाहीत, पोट साफ होतं, म्हणून सोडत नाही. हाडांच्या औषधाबद्दल विचारा, ते देण्याआधी डी जीवनसत्त्व भरून काढतात, किडनी आणि दात बघतात. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, आपल्याकडे मुतखडे आधीच पाहुणे असतात. मुंबईला जाणं झालं तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ पासूनची.

आणि त्यांचे खांदे सांभाळा. आमचे खरे पाय तेच. माझा उजवा अपघातानंतर बाराव्या वर्षी गेला, शर्ट काढताना डोळ्यांत पाणी यायचं. चाक छोट्या झटक्यांनी नाही, लांब हात टाकून ढकलायचं. आणि रोज लागणारं फळीवरून खाली आणा.

खालचीवाडी
चहा-साखरेचे डबे आजच ओट्याखाली आणले. सासूबाई विचारतायत, निर्गुडी स्वतःच्या गुडघ्याला बांधली तर चालेल ना?

फिजिओताई
त्यांना चटका कळतो ना? मग खुशाल बांधा.