मदत हवी आहे: ७०/७०० दुर्बिणीतून गुरू फोकसच होत नाही

नमस्कार मंडळी. सातवीतल्या लेकीला आकाशाचं वेड लागलंय, म्हणून गेल्या आठवड्यात ७० मिमी भिंगाची, ७०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण घेतली. सोबत २५, १० आणि ४ मिमीचे आयपीस (डोळ्याजवळची भिंगं), ३एक्स बार्लो (प्रतिमा आणखी तिप्पट मोठी करणारं भिंग) आणि डायगोनल (प्रकाश वळवून आयपीसकडे नेणारा जोडभाग).

२५ मिमीने चंद्र सुरेख दिसतो, विवरांच्या कडा अगदी रेखीव. गुरू टाचणीच्या डोक्याएवढा, शेजारी चार ठिपके. लेकीला त्याचे पट्टे बघायचेत, म्हणून ४ मिमी आणि बार्लो लावला, तर नुसता अंधुक, थरथरणारा गोळा. फोकसचं चाक कितीही फिरवा, काही फरक नाही. डायगोनल काढून आयपीस सरळ नळीत घातला, तेव्हा तर चंद्रही स्पष्ट होईना. भिंग सदोष आहे का? परत करायची मुदत चार दिवसांत संपतेय, आणि लेक रोज विचारते, "आज दिसेल ना?"

प्रतिसाद:
परत करू नका! विवरांच्या कडा रेखीव दिसतात म्हणजे भिंग ठीक आहे. नाभीय अंतर भागिले आयपीसचे मिमी, म्हणजे दुर्बीण किती पट मोठं दाखवते ते: ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट, त्यावर बार्लो म्हणजे ५२५. ७० मिमीच्या भिंगाला १४० पट ही वरची हद्द, तीही हवा शांत असेल तर. त्यापुढे प्रतिमा फक्त फुगते, अंधारते. बार्लो डब्यात ठेवा, १० मिमी वापरा.

डायगोनल मात्र काढू नका. त्यातून प्रकाशाला काही सेंटिमीटर जास्त वाट चालावी लागते, आणि नळीची लांबी ते धरूनच ठेवलेली असते. तो काढला की आयपीस तेवढा मागे न्यावा लागतो, फोकसर (चाकाने पुढे-मागे सरकणारी नळी) तिथवर पोचत नाही.

बघता कुठून? दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो, तेव्हा गुरू उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो.

धागाकर्ता:
गच्चीवरूनच, तेही सातला! काल दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवली, साडेदहाला १० मिमी लावला. दोन फिकट पट्टे दिसले! लेकीने लगेच वहीत काढले. मनापासून आभार.

आता एकच अडचण: चाकाला हात लावला की चित्र दोन-तीन सेकंद हलतं, फोकस नेमका कुठे जुळला ते कळत नाही. तिपाईचे पाय आखूड करून बसून बघावं, की मधल्या ट्रेखाली वजन टांगावं?