मदत हवी आहे : ‘दीवार’चे पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचेच आहे, हे कसे ओळखावे?

बंडखोर नायकांच्या हिंदी चित्रपटांची मूळ पोस्टरे मी जमवतो. नाशिकमध्येच जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडे ‘दीवार’चे (१९७५) पोस्टर विक्रीस आले आहे. आकार साधारण ३० × ४० इंच असून, घड्या एकमेकींना छेदतात तेथे शाई उडून आतला पांढरा कागद दिसतो. मागे कापडी अस्तर लावलेले नाही, ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

भिंगातून पाहिले असता ऑफसेट छपाईची नियमित ठिपक्यांची जाळी स्पष्ट दिसते, त्यामुळे हल्लीच्या इंकजेट प्रतीची शंका मी बाजूला ठेवली आहे. खरी अडचण वेगळीच आहे. गाजलेले चित्रपट पुनःपुन्हा प्रदर्शित होत, तेव्हा पोस्टरेही नव्याने छापली जात, आणि तीही ऑफसेटवरच. त्यामुळे पोस्टर-चित्रकार दिवाकर करकरे यांचे तेच चित्र नंतरच्या प्रतीवरही असू शकते. एरवी मुद्रणालयाचे नाव शोधले असते, पण या प्रतीची खालची कड वाळवीने खाल्ली आहे. संकेतस्थळांवरील छायाचित्रांशी ताडून पाहिले. त्यांत रंगछटांची खात्री देता येत नाही.

विक्रेता पोस्टर दुकानाबाहेर नेऊ देत नाही आणि कागदाचा तुकडा काढून तपासणी करणे मला मान्य नाही. दोन्ही बाजूंची छायाचित्रे मात्र देऊ शकेन. किमतीबद्दल माझा प्रश्न नाही.

खालची कड नसताना कागदाचा पोत, शाईचा थर किंवा श्रेयनामांची अक्षरे यांपैकी कोणत्या खुणेवरून १९७५ ची प्रत नंतरच्या प्रतीपासून खात्रीने वेगळी ओळखता येते?